आदरार्थी वेंधळे

चहा सांडला की ते खिशातला रुमाल काढत आणि टेबल पुसता पुसता रूपं चालवत. "वेंधळा, वेंधळी, वेंधळं." मग माझ्याकडे बघून, "आणि आदरार्थी?" मी "वेंधळे!" म्हटलं की स्वारी खूश.

आमच्या हिंदी मुलखातल्या गावात, खंडेराव गेटपाशीच्या मराठी वस्तीत त्यांच्या पिढ्या गेलेल्या. रविवारी ते आमच्या मराठी पोरांना व्याकरण शिकवत. पोरं भांडत हिंदीत, माफी मात्र मराठीतच मागावी लागे. कारखान्यात ते नकाशे काढायचे. संगणक आले तरी हाताने दुरुस्त्या करण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता.

नावाचं पाप माझं. ते आमच्या सेक्शनला बदलून आले त्याच आठवड्यात त्यांच्या कोपराने माझा डबा उलटला आणि मी ओरडलो, "किती वेंधळे आहात हो!" आमचे हेडक्लार्क, हिंदीभाषक बडे बाबू, यांना वाटलं, शेवटी 'ए' आहे म्हणजे मराठी आडनावच. दुसऱ्या दिवशी हाक आली, "वेंधळे जी, जरा इधर आइए." मी खुलासा करायला उठलो, तर तेच म्हणाले, "राहू द्या हो. आदरार्थी आहे."

पुढे सांडणं वाढलं. पेन्सिल गळायची, सदऱ्याचं बटण लागायचं नाही. आम्ही हसायचो. तुम्हीही हसला असता. एकदा टपरीवर ते हळूच म्हणाले, "बोटं ऐकत नाहीत. साहेब मला स्टोअरला टाकतायत. त्यांना सांगा ना, हा आजार आहे, वेंधळेपणा नव्हे. तुमचं ऐकतात ते."

"तुम्हाला कसला आजार? जन्माचे वेंधळे तुम्ही!"

त्या दिवशी त्यांनी रूपं चालवली नाहीत. ग्लास दोन्ही हातांनी धरून चहा संपवला.

साहेबांकडे मी गेलो नाही. एक शब्द टाकायचा होता, तोही मला जड झाला. याची लाज अजून वाटते. स्टोअरमध्ये ते शिडीवरून पडले. ग्वाल्हेरच्या डॉक्टरांनी नसांचा आजार सांगितला तोवर हात गेलेच होते. वर्षाच्या आत माणूसही गेला.

त्यांच्या पत्नी कागदांवर सह्या करायला आल्या, तेव्हा कारखान्याच्या गेटवरच्या फळ्यावर खडूने लिहिलेलं होतं, 'श्री वेंधळे जी के निधन पर शोक.' त्या थांबल्या. "हे आणखी कोण गेले?"

बडे बाबू हात जोडून म्हणाले, "भाभीजी, अपने वेंधळे जी ही तो."

घरी त्यांनी हे नाव कधी सांगितलंच नव्हतं. वहिनी माझ्याकडे वळल्या. त्या शब्दाचा अर्थ समजणारे तिथे आम्ही दोघंच होतो.

"आदरार्थी आहे, वहिनी," मी म्हणालो.