साडूंचा रेणू

आमच्या साडूंइतका दमवणारा माणूस अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्यात दुसरा नसेल. मुंबईच्या औषध कंपनीत रेणू जुळवण्यात त्यांचा जन्म गेला. निवृत्त होऊन पावसला आंब्याच्या कलमांत येऊन राहिले, पण डोक्यातला रेणू काही उतरला नाही. डोकं दुखतंय म्हटलं तर गोळी मिळत नाही. ती मज्जातंतूवरच्या कुठल्या रिसेप्टरवर बसते, ते आधी ऐकावं लागतं. गोळी 'लागू पडली' असं कोणी म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठी पडते. "लागू नाय पडत, जागेवर जाऊन बसते." चहाने झोप का उडते, हे तर इतक्यांदा ऐकलंय की ऐकतानाच मला झोप येते. झोप आणणाऱ्या रेणूच्या पाटावर म्हणे चहातला रेणू आधीच जाऊन बसतो. जेवतही नाही आणि उठतही नाही.

हे मला पटवायला ते एका लग्नाच्या पंगतीत खरोखरच तसे बसले. वाढपी भात घेऊन खोळंबलेला, पाठीमागे पुढच्या पंगतीची माणसं उभी, आणि हे पानाला हात लावीनात. आमच्याकडे याचा अर्थ एकच, पाहुणा रुसला. मुलीचा बाप हात जोडून आला. "काय चुकलं असेल तर पोटात घाला ओ."

"काय नाय चुकलं. मी फक्त जागा अडवलीय," साडू म्हणाले. बापाचा चेहरा आणखीच पडला. शेवटी ताईंनी, म्हणजे साडूंच्या बायकोने, डोळे वटारले तेव्हा घास तोंडात गेला.

साडूंनी स्वतः जुळवलेलाही एक रेणू होता, हातांचा कंप थांबवणारा. नेमक्या जागी चपखल बसायचा, पण मळमळीच्या जागेवरही बसायचा. उलट्यांपायी कंपनीने तो सोडून दिला. आणि निवृत्तीनंतर ताईंचेच हात कापायला लागले. बाजारात गोळ्या आहेत, पण त्यांचा जोर हल्ली लवकर ओसरतो.

परवा गेलो तेव्हा साडूंचं तेच चालू होतं आणि मी हूं हूं करत होतो. ताईंच्या हातातली बशी खडखडली, चहा साडीवर सांडला.

"ओ," त्या म्हणाल्या, "तुमचं ते औषध असतं तर थांबले असते का ओ माझे हात?"

"थांबले असते. पण उलट्यांनी हैराण झाली असतीस."

"उलट्यांचं काय, तुम्ही निस्तरल्या असत्यात की."

साडूंनी बशी त्यांच्या हातातून काढून घेतली. मला फार वाईट वाटलं, कुठे बघावं कळेना. त्यांच्या साडीवरचा चहा पुसत ते म्हणाले, "निस्तरल्या असत्या."