सुधाकरचा चर

आमची कंपनी तेव्हा कुमाऊँच्या डोंगरात होती. मी हवालदार. नायक सुधाकर ढोके माझ्या हाताखाली. तो काटोलचा, घरची संत्र्याची बाग. मी नागपूरचा, नंदनवन वस्तीतला. सकाळी पीटी, मग ड्युटी, आणि जेवताना त्याचं संत्रापुराण. मे महिन्यात चिडाचं, म्हणजे पाइनचं, जंगल पेटलं. सिव्हिलच्या मदतीला जायची ऑर्डर आली.

उतारावर खाली गाव होतं. गावाच्या डोक्यावर बांजाची, म्हणजे पहाडी ओकची, राई आणि राईत गावाचा एकुलता एक झरा. बांजाची मुळं पाणी धरून ठेवतात. राई जळली की झरा आटतो आणि गाव उठतं. ती राई वाचवायची, एवढंच काम.

आम्ही विदर्भातले. आग पाहिलेली ती सपाटीवरच्या सागाच्या पाल्याची. तशीच राईच्या वर जाळरेषा काढली. पट्टाभर पाला झाडून जमीन उघडी केली. आग चढणीवर पळते, कारण वरचा पाला खालच्या आचेनं आधीच तापलेला असतो. आग वर, राई खाली. आम्ही निवांत! पण चिडाची सुकी फळं कोणाच्या ध्यानात होती? पेटलेली फळं गडगडत रेषेपार आली आणि राईच्या काठावरचा पाला पेटला.

मी वायरलेस सेटवर कंपनीला कळवलं, "लाइन टूट गई. ओव्हर."

"गाँव?"

"अभी सेफ है. ओव्हर."

आम्ही ओल्या फांद्यांनी काठ विझवला. वरून फळं येतच होती.

सुधाकर म्हणाला, "साहेब, आडवा चर खोदू. बागेवर खोदतो तसा."

"तो पाण्यासाठी असते गा."

"उतारावरून येणारं पाणी अडते, तर हे फळं काहून नाही अडणार?"

खोदला. निघालेली माती खालच्या बाजूला रचली. फळं चरात पडून तिथंच जळून गेली. अंधार पडायच्या आत आग आटोक्यात आली, राई हिरवी राहिली. शेवटचं टोक खोदताना एक जळकं झाड सुधाकरवर कोसळलं. आम्ही पोचेपर्यंत तो गेला होता. असा जवान माझ्या हाताखाली होता, याचा मला आजही अभिमान आहे.

आता मी रिटायर आहे. त्या गावाला फोन करतो आणि मग काटोलला त्याच्या मायला भेटतो. ती विचारते, "झरा हाये ना गा?"

"हाये माय. वाहून राहिला."

"मंग माह्या लेकाचंच पाणी पिऊन राहिले ते लोक."

अंगणात शेजारी असले की हे ती मुद्दाम मोठ्यानं म्हणते.