कार्लवर्मा, गोत्र काश्यप

ऑगस्टातली सकाळ होती. मी मेथी निवडत बसले होते, आणि समीर, माझा मुलगा, फोन हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आला. म्हणाला, "आई, काका गेले गं. झोपेतच." हातातली जुडी हातातच राहिली... रडू मागाहून आलं. आधी मनात आलं ते हे, की आता कप्तानाचं काय?

कप्तान कोण ते सांगते. पण आधी भाऊजी. अरविंद, माझे धाकटे दीर. नाशिकहून शिकागोजवळ या शॉमबर्गला आले ते रस्त्यांचे नकाशे काढायच्या नोकरीवर, आणि इथलेच झाले. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. घरामागे जुन्या जर्मन शेतकऱ्यांच्या चर्चची दफनभूमी, तिथे रिटायर झाल्यावर फिरायला जायचे. तिथेच त्यांना गवतात बुडालेला एक दगड दिसला. वर नाव कार्ल आणि पुढे एक लांबलचक आडनाव, जे माझ्या जिभेला कधी वळलंच नाही. म्हणून आमच्या घरात तो नुसता 'कप्तान'.

मग काय विचारता! चर्चची जुनी दप्तरं झाली, लायब्ररी झाली, म्हातारपणी जर्मन शिकणं झालं. आमच्याकडे जेवायला आले की वरणभाताबरोबर कप्तान. तो प्रशियातला. घराणं सरदारांचं, पण घरात दाणा नाही, म्हणून मिसरूड फुटायच्या आधीच त्याला कॅडेटांच्या शाळेत घातलेला. पुढे वर्षानुवर्षं लेफ्टनंटच. भाऊजी म्हणायचे, "तिथे बढती म्हणजे वरचा मरायची वाट बघायची, वहिनी." त्याचं काम घोड्यावरून टेकड्या-ओढे हिंडायचं आणि त्यांचे नकाशे काढायचं. हात इतका सुरेख, की भाऊजी त्याच्याविषयी बोलताना जेवणाच्या टेबलावर बोटाने डोंगर काढून दाखवायचे, ताकाच्या थेंबांत. मग एकदा पत्ते खेळताना एका सोबत्याने सगळ्यांदेखत त्याला खोटारडा म्हटलं. तिथली रीत अशी, की पिस्तूल घेऊन समोरासमोर उभं राहायचं. हा म्हणाला, पत्त्यांपायी मी माणूस मारणार नाही. झालं! त्याच्याच पलटणीतले अधिकारी पंच म्हणून बसले, हा भित्रा ठरला, आणि अंगावरचा गणवेश उतरला. घरच्यांनी तोंड फिरवलं. मग बोटीने इकडे येऊन नांगर धरला. इथे उत्तर आणि दक्षिण राज्यांत आपसात लढाई पेटली तेव्हा पुन्हा गणवेश, पुन्हा नकाशे, आणि इथल्या फौजेत कप्तान झाला. भित्रा माणूस कशाला पुन्हा लढाईवर जाईल, सांगा! पण गावाकडून बोलावणं आलं नाही ते नाहीच. इथेच एकटा वारला.

"अहो भाऊजी, त्या गोऱ्याचं एवढं काय घेऊन बसलात?" मी एकदा टोमणा मारलाच. तर म्हणाले, "मला डोळ्यांपायी सैन्यात घेतलं नाही, त्याला सैन्यातून काढलं. जमतं आमचं." आणि जाताना माझी कोथिंबिरीची कात्री खिशात घालून गेले, दगडाभोवतीचं गवत कापायला. ती काही परत आली नाही. दरवेळी मी विचारायची, "माझी कात्री?" आणि ते म्हणायचे, "कप्तानाच्या सेवेत आहे."

एका सर्वपित्री अमावस्येला तर कमालच. आमचे गुरुजी दूर अल्फारेटाला राहतात, व्हिडिओवरून सांगतात आणि इकडे आपण करायचं. आईवडील झाले, बायको झाली, मग भाऊजी म्हणाले, "गुरुजी, अजून एक. कार्ल." समीर खोकलाच. "काका, सीरियसली? तो ख्रिश्चन होता!" भाऊजी म्हणाले, "असेना. उपाशी ठेवायचा का?" गुरुजी मात्र शांत. परक्यासाठीही धर्मपिंड देता येतो म्हणाले. गोत्र काय? आता प्रशियातलं गोत्र कुठून आणायचं! तर म्हणाले, "माहीत नसेल तर काश्यप म्हणा. आणि सैनिक ना? मग क्षत्रिय. कार्लवर्मा म्हणा." अशी त्या बिचाऱ्याची वर्णी आमच्या पितरांत लागली. मागच्या अंगणात ठेवलेलं पान कावळ्याने नाही, त्या दांडग्या कॅनडा बदकांनी खाल्लं. भाऊजी इतके हसले, इतके हसले...

जुलैत शेवटचे आले तेव्हा हसले नाहीत. समीरची बदली टेक्सासला, फ्रिस्कोला व्हायची होती, आणि मीही त्याच्याबरोबर जाणार होते. भाऊजी ताटावर हात तसाच ठेवून म्हणाले, "वहिनी, माझं काही नाही. पण माझ्यामागे त्याचं नाव कोण घेईल?" मी म्हटलं, "भरल्या ताटावर असलं बोलू नये." एवढंच म्हटलं. आणि त्यांना आणखी भात वाढला.

अस्थी नाशिकला तिथल्या दुसऱ्या पुतण्याने गोदावरीत सोडल्या. आणि परवा सर्वपित्री आली. मी पानं वाढली, वडे, खीर, भाऊजींना आवडायची ती आमसुलाची चटणी. पण गुरुजी म्हणाले, "काकांचं नाव यंदा नाही. पहिलं वर्ष सरल्याशिवाय महालयात घेत नाहीत." आमच्याकडेही तीच रीत, पण त्या क्षणी फार टोचलं हो. समीरने आजीआजोबांचं केलं, त्याच्या बाबांचं केलं. गुरुजी समाप्तीचं म्हणायला लागले, तर हा म्हणाला, "थांबा गुरुजी, अजून एक आहेत. काश्यप गोत्र. कार्लवर्मा." मान खाली, आणि आवाज अगदी काकांचा. ज्याचं कोणी नव्हतं त्याला पिंड मिळाला, आणि ज्याचे आम्ही सगळे होतो तो दाराबाहेर थांबला... समजूत घालायची तर एवढीच, की त्यांना हेच हवं होतं.

पुढच्या महिन्यात आम्ही निघतोय. पान काय, फ्रिस्कोलाही वाढता येईल. दगडावर मात्र गवत चढणार, मला माहीत आहे. भाऊजींची गाडी विकायला काढली तेव्हा तिच्या डिकीत माझी कात्री सापडली. त्यांच्याच रुमालात गुंडाळलेली, आणि पात्यांच्या सांध्यात गवताची एक वाळकी काडी. ती मी काढलेली नाही. कोथिंबीर हल्ली हातानेच खुडते.