शेवट होऊन गेला

बाबा वणीला कोळशाचे ट्रक भरायचे, आई लोकांचा कापूस वेचायची. मी बारावी झाले तेव्हा आमच्या चर्चचे पाळक घरी येऊन बाबांना म्हणाले, "जग संपून राह्यलं, पोरीले कॉलेज कायले?" बाबांनी ऐकलं. दोन वर्षं मीही कापूस वेचला आणि शास्त्र, म्हणजे बायबल, वाचलं.

उपासनेत उभं राहून देवाचा अनुभव सांगतात, ती साक्ष; ती देणाऱ्याला आमच्या मंडळीत कोणी थांबवत नाही. एका रविवारी मुद्दाम साक्षीलाच उभी राहिले.

"पाळकसाहेब, येशूनं शेवट सांगतला तो त्याच्यासमोरच्या पिढीले. चाळीस वर्षांत रोमी फौजेनं यरुशलेमचं मंदिर पाडलं. तो शेवट कवाच होऊन गेला. मंग माही दोन वर्षं कायले खाल्ली?"

त्यांची मान खाली गेली. मला गोड वाटलं, अजूनही वाटतं. सोमवारी बाबांनी कॉलेजचा फॉर्म आणला.

मी घराण्यातली पहिली पदवीधर आहे.