गच्चीवरून सांगितलेला चंद्र

आई भिशीच्या मैत्रिणींबरोबर अंदमानला गेली, तेव्हा कर्वेनगरात मी आणि बाबा दिवसभर तिचे फोटो बघत होतो. काचेच्या तळाची होडी आणि खाली पोवळी. बेटावरच्या बागेत पडक्या भिंतींना वेढून बसलेली झाडांची मुळं, बाकांमधून फिरणारी हरणं. "हरणं बिचकलेली दिसतायत, ही नाही," बाबा म्हणाले. खरं तर त्यांना करमत नव्हतं.

त्या दिवशी संकष्टी होती, आईबाबा दोघांचाही उपास. आमच्या घरची रीत अशी, की बाबांनी गच्चीवर जाऊन चंद्र पाहायचा, खाली येऊन सांगायचं, मगच आई पानं घेणार.

रात्री आम्ही गच्चीवर होतो, तेवढ्यात तिच्या मैत्रिणीचा फोन आला. त्या समुद्रकाठच्या बागेत बसल्या होत्या. आईने मधुमेहाची गोळी घेतली होती, पण उपासाचं काही मिळेना म्हणून दिवस नारळपाण्यावर काढला होता. आता तिला दरदरून घाम सुटला होता, हात थरथरत होते. "चंद्र केव्हाच वर आलाय हो, इथे लवकर उगवतो. पण या तोंड मिटून बसल्यात. म्हणतात, घरून निरोप आल्याशिवाय नाही."

"आई, आधी साखर खा," मी ओरडले. पलीकडून जड जिभेने आलं, "यांनी... पाहिला का?" तो आवाज माझ्या आईचा वाटेना. ही आता हातची जाणार आणि मी इथे नुसती ऐकत राहणार, एवढंच मनात येत होतं.

बाबांनी फोन ओढून घेतला. पूर्वेला काळोखाशिवाय काही नव्हतं. आमचा चंद्र उगवायला अजून अर्धा तास तरी होता.

"अगं, दिसला," ते म्हणाले. "खा आता."

"कसा आहे?"

"मोठा. पिवळा. खा म्हणतो ना."

देवाधर्मात कधी खोटं न बोललेला माणूस. मग बराच वेळ फोनवर लाटा आणि बायकांची कुजबुज. मला रडू आवरेना. अखेर आई बोलली, "किती साखर कोंबताय गं." बाबा कठड्याला टेकून खालीच बसले.

परत आल्यावर तिने पंचांगात त्या दिवशीची आपल्याकडची चंद्रोदयाची वेळ पाहिली. पुढच्या संकष्टीला गुडघे धरत स्वतःच जिना चढू लागली. मी बाबांना म्हटलं, "तुमच्यावरचा विश्वास उडाला."

"उडू दे," पानं घेता घेता बाबा म्हणाले. "जिना चढायला ती आहे ना."