पणजीचं नाव

निलंग्याच्या तहसील कचेरीत जुने उर्दू कागद वाचून देणारे एक म्हातारे चाचा बसत. मी पणजोबांची नोंद शोधायला गेलो होतो. भिंग सरकवत चाचा प्रत्येक नाव आधी स्वतःशी पुटपुटत, मग मोठ्यानं वाचत. एका ओळीवर ते थांबले.

"पणजोबा लौकर गेले तुमचे. पुढं सगळं रान बाईनंच कसलंय. सोनाबाई. तुमची पणजी."

घरात तिचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. मी घाईनं लिहून घेऊ लागलो, तर चाचांनी माझा हात धरला.

"लिव्हा मागून. लई सालानं कुणी इचारायला आलंय. आधी तोंडानं घ्या त्यांचं नाव."

व्हरांड्यात माणसं होती, तरी मी मोठ्यानं म्हणालो, "सोनाबाई." पुन्हा एकदा म्हणालो, आणि मगच ते लिहून घेतलं.