दुखवट्याचे अंगठे

कापूसवाल्यांच्या एका वेबसाइटवर मी लिहिलं, "बीटीतही अळी शिरली आहे. आपापल्या वावरातली फुलं उघडून पाहा." बीटी म्हणजे अळी लागणार नाही असं सांगून विकलेलं कपाशीचं बियाणं. त्या सकाळी दुसरबीडच्या आमच्या वावरात मला डोमकळी सापडली होती, म्हणजे पाकळ्या एकमेकींना चिकटून गच्च मिटलेलं फूल. उघडलं तर आत गुलाबी अळी. अंगावर काटा आला आणि खरं सांगते, थोडा तोराही चढला. आपण पहिल्यांदा पाहिली, आता सगळ्यांना सांगायचं, या घाईत मी चहासुद्धा विसरले.

संध्याकाळी पाहते तर माझ्या मजकुराला नुसते खाली अंगठे. त्या साइटची रीत अशी, की खाली अंगठे फार झाले की मजकूर आधी पुसट होतो, मग दडतोच. मुद्दाम उघडला तरच दिसतो. आणि सगळ्यात वर कोण बसलेलं, तर एक महाशय: "बीटी पेरलं आहे ना, मग निवांत राहा." एकानं भीतभीत लिहिलं होतं, "आमच्याकडेही दिसते." त्यालाही लोकांनी खाली ढकललं. थोड्या वेळानं त्यानं आपलं वाक्य आपणच काढून टाकलं. माझं डोकं असं तापलं, की विचारू नका.

मला खरा घोर होता भावाचा. लोणारजवळचं त्याचं सगळं वावर त्या साली कपाशीखाली होतं, आणि ती नुकती फुलावर आलेली. याच दिवसांत डोमकळ्या वेचून नष्ट केल्या तर बोंडं हाती लागतात, नाहीतर वर्ष गेलंच समजा. मी फोन केला.

"इतके लोक खाली अंगठा देऊन राह्यले," तो म्हणाला, "आन तूच येकटी शहाणी काऊन वो?"

मी फोन ठेवून दिला. म्हटलं, मरू दे, आता एक अक्षर लिहिणार नाही.

बाजाराच्या दिवशी बांगड्या भरायला बांगडीवाल्या चाचीकडे बसले. तिच्याही घरी कपाशी. माझा हात दाबत ती म्हणाली, "बाई, तुमची खबर वाचली. लई बुरं झालं. म्या आन माह्या सुनेनं, दोघींनी अंगठा खाली देला."

"चाची, तुम्हीसुद्धा?"

"मंग? वावरात अळी पडली आन वर अंगठा देऊ? लोक म्हणतीन, हिले बरं वाटलं."

मी इतकी हसले, की ती म्हणाली, हात सैल सोडा, बांगडी फुटन. पलीकडची भाजीवाली म्हणाली, "हाव, आमच्या घरीबी तसंच केलं." म्हणजे मयतीला येऊन जावं तशी ही माणसं माझ्या मजकुराला भेटून गेली होती, आणि त्यांच्याच हळहळीखाली तो गाडला गेला होता. मला इतका आनंद झाला, की भाजी न घेताच लोणारची एसटी पकडली.

भाऊ वावरातच होता. मी धापा टाकत सगळं सांगितलं. "अरे, सगळे माझ्या विरोधात नाहीत. ते दुखवट्याचे अंगठे आहेत."

तो हसला, आणि माझं मन राखायला एक फूल उघडलं. स्वच्छ. दुसरंही स्वच्छ. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की मला जमिनीत शिरावंसं वाटलं. मग त्यानं एक मिटलेलं फूल तोडलं, उघडलं, आणि त्याचं हसू गेलं. पुढचा बराच वेळ आम्ही दोघं कपाशीच्या ओळीओळीनं नुसते धावत होतो. तो ओरडून सांगायचा "अठी बी आहे", मी पलीकडून "इथंही". बादलीत डोमकळ्या साठत होत्या आणि मला वाटत होतं, वेळेत आले, वाचलं.

दम खाताना मी मजेनं विचारलं, "तूही दुःखानंच खाली अंगठा दिला होता ना?"

तो बादलीकडे पाहत म्हणाला, "नाही वो. म्या वाचलंच नव्हतं. इतक्यायनं देला होता, म्हणून म्याबी देला."

तो उठला, धुऱ्यापर्यंत, म्हणजे बांधापर्यंत गेला आणि पलीकडच्या शेजाऱ्याला हाक मारली. "अबे, तुह्या वावरातली फुलं उघडून पाह्य. अळी आहे."

"कोण म्हणते बे?" शेजाऱ्यानं विचारलं.

"मी म्हणतो," भाऊ म्हणाला.